वीसच्या वीस

रामटेके सिस्टरांना मी हसताना फार कमी वेळा पाहिलं, आणि जेव्हा पाहिलं तेव्हा बहुतेक त्यांच्या हातात नुकतंच जन्मलेलं पोर असायचं. नाळ कापून झाली, बाळ पुसून कापडात घेतलं, की त्या त्याच्या हातापायांची बोटं मोजायच्या. एकेक बोट चिमटीत धरून, ओठ हलवत. मग प्रसूतीच्या खोलीचं दार अर्धं उघडायच्या आणि बाहेर ताटकळत बसलेल्या माणसांना मोठ्यानं सांगायच्या, "वीसच्या वीस!"

मुलगा की मुलगी हे नंतर. सासवांचा जीव वरखाली व्हायचा. "सिस्टर, पन झालं काय ते त सांगा ना!"

"वीस बोटं झाली म्हनलं ना. आधी त्याचा आनंद करा."

सानगडीच्या बाजूच्या त्या दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीत बसायचो. भंडारा शहरातून बदली होऊन आलो होतो, तोंड वाकडं करूनच. तिथं नऊ वर्षं काढली, त्यातली पाच सिस्टर नोकरीत असताना आणि चार त्या निवृत्त झाल्यावर. माझी भाड्याची खोली त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून होती. त्यामुळे निवृत्तीनंतरही माझी काही सुटका झाली नाही. सकाळी ब्रश तोंडात धरून बाहेर आलो की हाक यायची, "का गा बापू, हात धुतले का?"

हात धुणं हे त्यांचं वेड होतं. कोपरापर्यंत, साबण लावून, नळ कोपरानंच बंद करून. त्यांच्याकडे चहा प्यायचा तरी आधी हात दाखवावे लागत. दुसरं वेड फटींचं. खिडकीची फट, डब्याच्या झाकणाची फट, पलंग आणि भिंत यांच्यातली फट. कुठल्याही खोलीत शिरल्या की त्यांची नजर आधी खाली, कडेकडेनं फिरायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नागपूरला होती, आणि गावाच्या शेवटच्या टोकाला, मागे बोडीचं, म्हणजे लहानशा तळ्याचं, पाणी आणि पलीकडे धानाच्या बांध्या अशा घरात त्या एकट्या राहायच्या. भीती वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. "कोनाची?" असं त्यांनी अगदी खरेपणानं उलट विचारलं.

निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी, रोवणीच्या दिवसांत, एकोडीचा एक शेतकरी डोक्यावर घमेलं घेऊन त्यांच्या दारात आला. त्याच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं सिस्टरांनी केलेली. घमेल्यात चिखलानं माखलेलं काळं कासव होतं. चिखलणी करताना ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकाखाली आलेलं. पाठीला हातभर नाही, पण चांगली वीतभर चीर गेली होती.

"मी मानसाची सिस्टर हाव, बापा," त्या म्हणाल्या.

"मंग हे कोनाले दाखवू?"

सिस्टरांनी घमेल्यात वाकून पाहिलं. त्या आत गेल्या आणि नळ सुटल्याचा आवाज आला. तेव्हाच मी ओळखलं की आता हे कासव इथंच राहणार.

पाठ धुऊन, तांबडं औषध लावून, पट्ट्यांनी बांधून त्यांनी ते जगवलं. बातमी गावोगाव गेली. तीन वर्षांत त्यांच्या अंगणात बरीच कासवं येऊन गेली, कोणी चाकाखाली आलेलं, कोणी विळ्यानं कापलेलं. सगळी त्या काळ्या जातीची, जी पाण्यात राहतात तशी जमिनीवरही हिंडतात. सिस्टरांनी त्यांना नावं दिली नाहीत. नंबर दिले. "खाट नंबर दोननं सकाळपासून काही खाल्लं नाही," असं त्या मला अगदी गंभीरपणे सांगायच्या, आणि मी औषधांच्या खिडकीतली सवय म्हणून तितक्याच गंभीरपणे मान हलवायचो.

कायदा त्यांना माहीत नव्हता असं नाही. वनरक्षक पोरगा मोटारसायकलवर येऊन सांगून गेला होता. "सिस्टर, हे पाळता येत नाही. गुन्हा हाये. बरे झाले की सोडून द्या."

"पाळून कोन राहिलं? भरती हायेत ते. बरे झाले की सुट्टी देतो."

पहिल्याला त्यांनी खरंच सुट्टी दिली होती. मागच्या बोडीत नेऊन सोडलं. आठ दिवसांनी बोडीच्या पारीवर, काठच्या बांधावर, त्याचं रिकामं कवच सापडलं, कुत्र्यांनी पोखरलेलं, मुंग्यांनी साफ केलेलं. पाठीवर पट्टीच्या चिकटीचा डाग तसाच होता. सिस्टरांनी ते कवच घरी आणलं नाही, तिथंच पुरलं. पण त्यानंतर कोणाला सुट्टी मिळाली नाही; जखमांनी दगावली ती दगावली, उरलेली अंगणातच राहिली. वनरक्षक विचारायला आला की, "अजून अशक्तपना हाये," हे ठरलेलं उत्तर. तो हसून चहा पिऊन जायचा, कारण त्याच्या बहिणीचीही वीस बोटं सिस्टरांनीच मोजलेली होती.

कुत्र्यांनंतर मुंगूस आलं. एका सकाळी लहानसं कासव उलटं पडलेलं सापडलं, पुढचे दोन्ही पाय खाल्लेले, आणि जिवंत. ते संध्याकाळपर्यंत जिवंत होतं. सिस्टर त्याच्याजवळ बसून होत्या. एवढ्या बायकांच्या कळा ज्यांनी शांतपणे पाहिल्या, त्या दिवसभर त्याच्यावरचा ओला फडका पुन्हा पुन्हा बदलत राहिल्या, आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या अंगणाच्या मागे लागल्या. कमरेइतकी विटांची भिंत घातली. भिंतीच्या बुडाशी हातभर खोल चर खणून त्यात लोखंडी जाळी उभी पुरली, कारण मुंगूस आणि घूस उकरून आत येतात. वरून जाळीचं झाकण, कारण कावळा आणि घार लहान पिल्लं उचलतात. उरलेला आंबा, उरलेली गांडुळं संध्याकाळच्या आत उचलायची, कारण वासानं कोल्हा येतो. आणि दिवेलागणीआधी मोजणी करून सगळ्यांना एका सिमेंटच्या पाइपात घालून तोंडाला फळी लावायची. फाटकाखाली बोट जाईल एवढीही जागा त्यांनी ठेवली नाही. स्वतःचं बोट घालून पाहिलं त्यांनी, माझ्यापेक्षा बारीक आहे म्हणून.

एवढं करूनही समाधान नाही. चुलीची राख चाळून त्या रोज संध्याकाळी भिंतीच्या बाहेरून तिचा पट्टा ओढायच्या, आणि सकाळी त्यावर वाकून कोण आलं होतं ते वाचायच्या. "हे मुंगूस. हा बोका, याचं काम उंदराशी. हा पाहा, कोल्हा, दोनदा फिरला. आज तिसऱ्यांदा येईल." आणि तो यायचाही. सकाळी राखेवर पुन्हा तीच पावलं, आदल्या दिवसापेक्षा भिंतीच्या जरा जवळ. मला त्या पट्ट्याकडे बघायला आवडायचं नाही. इतकं कोणी रोज आपल्या घराभोवती फिरून जातं, हे कळून तरी काय करायचं?

एक गोष्ट मात्र त्यांनी केली नव्हती. फाटकाला कुलूप नव्हतं. नुसती कडी होती. कडी काढता येईल असं जनावर त्या मुलखात नाही.

अंगणात तेव्हा तीन कासवं उरली होती; चौथ्या नंबरचं दिघोरीकडून आलं. मोठं, वयस्कर, जबड्याला गळ अडकलेला. तो गळ काढून झाल्यावर सिस्टरांनी सवयीनं त्याची नखं मोजली. या जातीला अठरा असतात, पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार. हे त्यांना इतक्या पेशंटांवरून पाठ झालं होतं. याला मागेही पाच-पाच निघाली. त्यांनी तीनदा मोजली.

त्या दिवशी बाजार होता. आम्ही भाजी घेऊन चहाच्या टपरीवर थांबलो. टपरी भरलेली. कोणीतरी विचारलं, "काय सिस्टर, नवीन पेशंट आला म्हनते?"

आणि सिस्टर हसल्या. प्रसूतीच्या खोलीच्या दारात हसायच्या तशा. आवाजही तोच. "आला ना! आनि सांगू का? वीसच्या वीस!"

बायका हसल्या. पण मागच्या बाकावर दोन माणसं बसली होती, त्यांचं बोलणं थांबलं. एकानं कप खाली ठेवला. मी ते पाहिलं, हे मी आज कबूल करतो.

कारण मला माहीत होतं. औषधांच्या खिडकीवर माणसं रांगेत उभी राहून काय वाटेल ते बोलतात. वीस नखांचं कासव पूजेत ठेवलं की पैशाचा पाऊस पडतो, अशा कासवामागे लोक जिल्हे पालथे घालतात, हे मी तिथं बसून कितीदा ऐकलं होतं आणि हसण्यावारी नेलं होतं. सिस्टरांच्या कानावर ते कधीच गेलं नव्हतं. त्यांच्या घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून असलं काही बोलायची कोणाची छाती नव्हती. बोलला असता तर हात धुवायला लावून बाहेर काढला असता. अख्ख्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक नव्हती. आणि मी तेव्हा टपरीवर त्यांच्या शेजारी बसून बिस्कीट बुडवत राहिलो.

चार दिवसांनी दुपारी एक पांढरी गाडी आली. मी जेवायला घरी आलेलो, म्हणून पाहता आलं. उतरलेला माणूस चाळिशीचा, अंगावर इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. चपला बाहेर काढून तो आत आला आणि सिस्टरांच्या पायाला हात लावायला वाकला.

"मावशी, दर्शनाले आलो."

"कोनाच्या?"

"तुमच्या घरी लक्ष्मी आली म्हनते ना."

"माह्या घरी लक्ष्मी नाही, दुखनेकरी हायेत. तुले काय होऊन राहिलं ते सांग."

तो हसला. त्याच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत ताणकाटा. फक्त एकदा वजन करू द्या म्हणाला, आणि नखं मोजू द्या. सिस्टर फाटकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या बुटक्या, त्याच्या खांद्याशी येत होत्या. "वजन मी करते. नखं मी मोजते. तू घरी जा."

तो अजिबात चिडला नाही. चपला घालताना म्हणाला, "जपा मावशी. पुन्हा येऊ." आणि जाताना त्यानं फाटकाकडे, कडीकडे, नीट पाहून घेतलं.

गाडी गेल्यावर मी सिस्टरांना सगळं सांगितलं. वीस नखं, पूजा, पाऊस. त्या ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुले माहीत होतं?" मी मान खाली घातली. "मंग त्या दिवशी टपरीवर काहून नाही बोलला, बापू?" मी फाटकाची कडी ओढून पाहिली आणि दवाखान्यात परत गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. राखेच्या पट्ट्यावर वाकून उभ्या होत्या. मुंगसाची पावलं होती, बोक्याची होती, आणि त्यांच्यावरून गेलेले चपलांचे ठसे होते. भिंतीच्या तिन्ही बाजूंनी. फाटकाशी दोन्ही पाय जोडून, बराच वेळ उभं राहिल्यासारखे. कडी काढलेली नव्हती.

"हे कोन्तं जनावर, बापू?" त्या म्हणाल्या. गंमत करत नव्हत्या.

वनरक्षकाला बोलावलं. तो या वेळी चहा प्यायला नाही. "परवा सकाळी गाडी आनतो सिस्टर. चारही जंगलात आत नेऊन सोडू. आजच्या आज गाडी मिळत नाही. दोन दिवस सांभाळा."

दोन दिवस. सिस्टरांनी कुलूप आणून लावलं, आणि लावताना मला म्हणाल्या की कुलूप बघून त्याला उलट खात्रीच पटेल. ते खरं होतं. दुपारी मला म्हणाल्या, "जागा बधिर करायचं इंजेक्शन आन दुकानातून. लहानी सुई."

मला कळायला वेळ लागला. कळल्यावर मी भांडलो. माझ्या स्वभावाबाहेर भांडलो. म्हटलं, गुरांच्या डॉक्टरला विचारा, असं कसं कापता, ते बरं व्हायला तुमच्याकडे आलं काय आणि तुम्हीच त्याला अधू करता काय.

"वीस नखं नसली त ते कोनाच्या कामाचं नाही. बोट गेलं तरी चालते, जीव राहिला पाहिजे. किती मायांले हे सांगितलं मी."

भर दुपारी, अंगणातल्या लाकडी पाटावर त्यांनी ते केलं. मी कासव धरलं होतं. मागच्या उजव्या पायाचं शेवटचं, सगळ्यात बारीक नख, मुळापासून. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. रक्त थोडं आलं. त्यांनी पट्टी बांधली आणि मग, पट्टी बांधून झाल्यावर, सवयीनं मोजायला लागल्या. एकेक नख चिमटीत धरून, ओठ हलवत. एकोणिसावर थांबल्या. पदर तोंडाला लावला आणि रडल्या. त्यांना रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात त्या टोपली घेऊन त्याच टपरीवर गेल्या. टोपली बाकावर ठेवली, कापड काढलं. "या. मोजा. ज्याले ज्याले मोजायचं हाये त्यानं मोजा. एकोनीस हायेत." लोक जमले. पोरं, म्हातारे, सगळे मोजायला लागले. "एकोनीसच हायेत वो!" सिस्टर माझ्याकडे पाहून बारीकशी मान हलवत होत्या.

गर्दीतून तो इस्त्रीचे कपडे घातलेला पुढे आला. त्यानंही मोजली. घाई न करता, पाय सोडवून, पट्टीशी येऊन थांबला. मग सिस्टरांकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, हे नाही. खरं कुठाय?"

"हेच हाये. आधी वीस होती, एक मी कापलं."

"वीसवाल्याचं नख कोनी कापते का, मावशी?" तो समजावल्यासारखा म्हणाला. "ते ठेवून दिलं तुमी. हे दुसरं आनलं."

सिस्टरांनी टोपलीवर कापड घातलं. आमच्या दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. असली गोष्ट हाती आल्यावर कोणी ती स्वतःच्या हातानं बिघडवेल, हे त्या माणसाला पटणारच नव्हतं. पट्टी त्याला नाटक वाटली. आणि जमलेल्यांपैकी पुष्कळांना त्याचंच म्हणणं पटलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

ठरल्याप्रमाणे वनरक्षकाची गाडी आली आणि चारही कासवं गेली. सिस्टरांनी त्याला प्रत्येकाचं दुखणं सांगितलं, चौथ्याची पट्टी कधी काढायची तेही. गाडीमागे त्या चार पावलं चालल्या. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

पण आता माझ्या खिडकीवर गोळ्या घ्यायला आलेली माणसं विचारायला लागली, "साहेब, सिस्टरनं खरं कासव कुठं ठेवलं हो?" मी सांगायचो, ओरडून सांगायचो, नेलं, सगळी नेली. ते डोळा मारायचे. एका दुपारी सिस्टर विहारात गेलेल्या असताना कोणीतरी घरात शिरलं. तांदळाची कोठी उपडी केली, न्हाणीची फरशी उखडली, अंगणात चार ठिकाणी खणलं. नेलं काहीच नाही. पोलीस लिहून घेऊन गेले.

मुलगी नागपूरहून धावत आली. कडेवर वर्षाचं पोर. "आई, आत्ताच्या आत्ता चल. एक दिवस नको राहू इथं."

सिस्टरांनी नातवाकडे पाहिलं. "मी गेली त म्हनतीन, घेऊन गेली. मंग ते तुह्या दारात येतीन. तुह्या घरी लेकरू हाये."

"मग काय इथंच बसून राहशील?"

"हो."

मुलगी रडली, भांडली, आणि दुसऱ्या दिवशी एकटी परत गेली. तिला वर्षभर घरी येऊ नको, फोनवरही कासव हा शब्द काढू नको, असं सिस्टरांनी बजावलं होतं.

त्याच महिन्यात माझा बदलीचा आदेश आला, भंडाऱ्याचा, ज्याच्यासाठी मी नऊ वर्षं अर्ज करत होतो. निघायच्या दुपारी निरोप घ्यायला गेलो तर घर ओळखू येईना. फाटक बिजागरीतून काढून भिंतीला टेकवलेलं. जाळी गुंडाळून कडेला. घराची दोन्ही दारं, सगळ्या खिडक्या, कपाट, पेटी, सताड उघडी. पेटीतली लुगडी, भांडी, औषधांचे डबे, सगळं अंगणात दोन बाजांवर मांडलेलं, डब्यांची झाकणंसुद्धा काढून. रस्त्यावरून जाणाऱ्याला न्हाणीपर्यंत दिसावं असं. आणि मधोमध खुर्चीवर सिस्टर.

"हे काय सिस्टर?"

"पाहू दे त्यांना. जितक्या वेळा पाहायचं तितक्या वेळा पाहू दे. पाहून पाहून कंटाळतीन."

"आणि नाही कंटाळले तर?"

"तुही बस चुकून राहिली, बापू. जाजो नीट."

मी पाया पडलो. त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले नाहीत.

बस गावाबाहेर पडताना त्यांच्या घरावरून जाते. मी खिडकीशी बसलो होतो. बोडीच्या पारीजवळ पांढरी गाडी उभी होती आणि दोन माणसं उतरून घराकडे चालत होती, घाई न करता, शेजाऱ्याकडे जावं तशी. मी उठून ड्रायव्हरला थांब म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. मान वळवून पाहत राहिलो एवढंच. सिस्टर खुर्चीवरून उठल्या, आणि त्या दोघांना आत जायला वाट व्हावी म्हणून त्यांनी खुर्ची जराशी बाजूला सरकवली.